सहकुटुंब कॅनडाला जायचं तर खरा खर्च किती? पुण्यातून निघणाऱ्या चौघांचा सविस्तर हिशोब

कॅनडाची पीआर, म्हणजे कायम निवासाची परवानगी, घ्यायची असं घरात ठरलं की आधी एजंटच्या फीची चौकशी होते, मग विमानाच्या तिकिटांची. पण या दोन आकड्यांनी सहसा कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते पोचल्यानंतर पहिला पगार सुरू होईपर्यंतच्या महिन्यांत आणि इकडे मागे ठेवलेल्या व्यवहारांत. पहिल्या महिन्यांचा खर्च लोक अंदाजाने धरतात, मागे राहिलेल्यांचा बहुतेक वेळा धरतच नाहीत.

म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. पती-पत्नी दोघंही नोकरी करणारे, मुलं नऊ आणि पाच वर्षांची, पुण्यात कर्जाचा फ्लॅट, एक्स्प्रेस एन्ट्रीतून (कॅनडा सरकार गुण पाहून अर्जाचं निमंत्रण देतं ती पद्धत) पीआर, मुक्काम ओंटारिओत टोरांटोच्या आसपास. डॉलर म्हणजे सगळीकडे कॅनडियन डॉलर, दर ६५ रुपये धरला आहे. तुमचा प्रांत किंवा मुलांची वयं वेगळी असली तरी हिशोबाची रीत हीच ठेवा.

अर्जाआधी: हा खर्च वसूल होण्याची शक्यता किती?

जुने व्हिडिओ पाहून अनेक जण अजून समजतात की प्रोफाइल टाकली की आज ना उद्या नंबर लागतो. भारतात बसून अर्ज करणाऱ्यांना ज्यावर भरवसा ठेवता येत होता त्या निमंत्रणाच्या सर्वसाधारण फेऱ्या एप्रिल २०२४ नंतर थांबल्या. २०२५ मधल्या फेऱ्या कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी, प्रांतांनी निवडलेल्यांसाठी आणि आरोग्य, शिक्षण, कुशल कारागिरी, फ्रेंच भाषा अशा ठरावीक गटांसाठी झाल्या. नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. तेव्हा ‘जॉब ऑफर मिळवून देतो, गुण वाढतील’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा. ऑफर विकणं बेकायदा आहे आणि आता त्या ऑफरला गुणही नाहीत.

वयाचे गुण तिसाव्या वर्षापासून दरवर्षी पाचाने घटतात, चाळिशीनंतर त्याहून वेगाने. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याचीही किंमत आहे, ती अशी. तुमचा व्यवसाय वरच्या कुठल्याही गटात बसत नसेल, तर फ्रेंचवर घातलेलं वर्ष-दीड वर्ष बाकी कुठल्याही खटपटीपेक्षा जास्त कामी येतं. पुण्यात आणि मुंबईत आलियाँस फ्राँसेजचे वर्ग आहेत. परीक्षा मात्र टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा हीच द्यायची. वर्गाचं प्रमाणपत्र त्यासाठी चालत नाही.

या टप्प्याचा खर्च असा. आयएल्ट्स जनरल ट्रेनिंग या इंग्रजीच्या परीक्षेची फी माणशी सतरा-अठरा हजार. जोडीदाराची परीक्षा सक्तीची नाही, पण तिचे वीसपर्यंत गुण मिळतात, म्हणून दोघांची धरा. निकाल दोनच वर्षं चालतो. पदवीचं मूल्यांकन दोघांचं मिळून चाळीस हजारांच्या घरात जातं. त्यात विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टची फी आणि कुरिअरही आलं. पासपोर्ट नवे काढायचे असतील तर मोठ्यांना दीड हजार आणि मुलांना एक हजार. सगळं मिळून एक लाख बाजूला ठेवा.

पैशांपेक्षा इथे वेळ खाणारी गोष्ट म्हणजे नावं. आपल्याकडे पदवीवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, काही ठिकाणी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेलं आणि पदवी माहेरच्या नावाची. मूल्यांकन करणारी संस्था हे जुळेपर्यंत फाइल पुढे सरकवत नाही. ‘ही एकच व्यक्ती आहे’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला आधीच तयार ठेवा. मुलांचे जन्मदाखलेही काढून पाहा. महापालिकेच्या जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं लिंग, तारीख आणि आईवडिलांची नावं असतात. नाव चढवून नवा दाखला घ्यायला वॉर्ड ऑफिसात दोन-तीन फेऱ्या होतातच. त्या निमंत्रण आल्यावर मारायची वेळ येऊ देऊ नका, कारण निमंत्रणानंतर अर्जाला हातात ६० दिवसच असतात.

सरकारी फी आणि तपासण्या

३० एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनी प्रौढाला प्रक्रिया शुल्क ९५० आणि कायम निवासाच्या हक्काचं शुल्क ५७५ डॉलर. मुलाला २६०, त्याला दुसरं शुल्क नाही. चौघांचे ३,५७० डॉलर. बायोमेट्रिक्सचे कुटुंबाला जास्तीत जास्त १७० डॉलर. चौदा वर्षांखालच्या मुलांना ते द्यावे लागत नाहीत. एकूण ३,७४० डॉलर, म्हणजे २ लाख ४३ हजार रुपये. हे दर दोन वर्षांनी एप्रिलअखेरीस वाढतात. भरण्याच्या दिवशीचा आकडा संकेतस्थळावर पाहा आणि हिशोबात पाच टक्के वर धरून ठेवा. अर्ज नाकारला तर ५७५ परत मिळतात. प्रक्रिया सुरू झाल्यावर ९५० मिळत नाहीत.

वैद्यकीय तपासणी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच करायची. चौघांचे तीस हजार धरा. पासपोर्ट सेवा केंद्रातून पीसीसी, म्हणजे पोलिस दाखला, प्रत्येकी ५०० रुपये. मागच्या दहा वर्षांत दुसऱ्या देशात सलग सहा महिने राहिला असाल तर तिथलाही पोलिस दाखला लागतो. ऑनसाइटवर गेलेल्या आयटीवाल्यांचं गाडं इथेच अडतं. काही देशांत तो मिळायला दोन-तीन महिने जातात, म्हणून निमंत्रणाआधीच हालचाल सुरू करा.

तपासणीच्या तारखेचा एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत तपासणी करूनच अर्ज भरावा लागतो. तपासणी बारा महिने ग्राह्य असते आणि पीआरच्या पुष्टिपत्राची मुदत बहुधा तिच्याशी किंवा पासपोर्टच्या मुदतीशी बांधलेली असते. पूर्वी तपासणी मागाहून व्हायची, त्यामुळे मंजुरीनंतर निघायला ऐसपैस वेळ मिळे. आता अर्जातच सात-आठ महिने गेले तर निघायला तीन-चार महिने उरतात. तेवढ्यात राजीनाम्याचा नोटीस पिरियड, मुलांच्या शाळेचं वर्ष आणि फ्लॅटचा व्यवहार बसवायचा. घाईत विकलेला फ्लॅट आणि आयत्या वेळी काढलेली तिकिटं यांत जे पैसे जातात ते कुठल्याच यादीत दिसत नाहीत.

सल्लागार घ्यायचाच असेल तर फक्त कॅनडातल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा परवानाधारक किंवा तिथला वकील घ्या. त्याचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक त्या कॉलेजच्या यादीत स्वतः शोधा. ऑफिसात टांगलेल्या फ्रेमवर जाऊ नका. कागद नीट असतील आणि तुम्हाला फॉर्म भरायची सवय असेल तर हा अर्ज स्वतः करता येतो. वाचलेले लाख-दीड लाख पुढे दीड-दोन आठवड्यांचं घर चालवतात.

‘प्रूफ ऑफ फंड्स’ हा आकडा तुमचं बजेट नाही

प्रूफ ऑफ फंड्स म्हणजे जवळ पुरेसे पैसे असल्याचा अर्जासोबतचा पुरावा. जुलै २०२५ च्या आकड्यानुसार चौघांच्या कुटुंबाला २८,३६२ डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे सुमारे साडेअठरा लाख रुपये. बँकेच्या लेटरहेडवर खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि तुमची कर्जं, एवढं सगळं लिहिलेलं पत्र लागतं. बँकेच्या छापील बॅलन्स सर्टिफिकेटवर सरासरी नसते. मॅनेजरला मजकूर टाइप करून द्या, नाहीतर पत्र दोनदा करून घ्यावं लागतं. उसने पैसे चालत नाहीत, घराची किंमत चालत नाही. सासऱ्यांनी मध्येच दहा लाख टाकले तर बक्षीसपत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडा.

‘मी एकटा पुढे जातो, कुटुंब मागाहून, म्हणजे एकट्यापुरते पैसे दाखवले की झालं’ ही युक्ती चालत नाही. सोबत न येणारा जोडीदार आणि मुलंही कुटुंबाच्या संख्येत धरतात. त्यांची नावं अर्जात दिलीच नाहीत किंवा त्यांची तपासणी टाळली, तर पुढे त्यांना स्पॉन्सर करण्याचा रस्ता बंद होऊ शकतो. या प्रक्रियेतली सगळ्यात महाग चूक हीच.

आता हा आकडा तिथे किती दिवस पुरतो ते पाहू.

पोचल्यावर पहिला महिना फर्निश्ड जागेत: ३,००० डॉलर. पक्क्या घराच्या शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ: २,५००. गाद्या, टेबल, भांडी, पडदे, पडद्यांचे रॉड, दिवे (भाड्याच्या घरात बेडरूमला छताचा दिवा बऱ्याचदा नसतोच): ३,०००. चौघांचे हिवाळी कोट, बूट, हातमोजे: १,२००. किरकोळ: ७००. एकूण १०,४०० डॉलर फक्त घडी बसवायला.

मग महिन्याचा खर्च. दोन बेडरूमचं भाडं २,५००, किराणा-भाजी १,०००, फोन आणि इंटरनेट १८०, बस-मेट्रोचे दोन पास ३२०, वीज आणि भाडेकरूचा विमा १३०, मुलं-औषधं-बाकी ३७०. बेरीज ४,५००. यात गाडी नाही, पाळणाघर नाही, भारतातला हप्ता नाही.

२८,३६२ मधून १०,४०० वजा केले की १७,९६२ उरतात. भागिले ४,५००: चार महिने जेमतेम. भारतातल्या फ्लॅटचा ४५,००० रुपयांचा हप्ता चालू असेल तर महिन्याला आणखी सातशे डॉलर, म्हणजे साडेतीन महिनेही नाहीत. आणि नोकरी शोधण्याचा काळ चार महिन्यांहून लांबणं अगदी नेहमीचं आहे, विशेषतः डिसेंबरात पोचलात तर. नाताळ ते जानेवारीचा दुसरा आठवडा भरती जवळपास ठप्प असते.

आमचा सल्ला नऊ महिन्यांचा आहे: १०,४०० अधिक नऊ गुणिले ४,५००, म्हणजे ५०,९०० डॉलर, सुमारे ३३ लाख रुपये. त्यात निघेपर्यंतचा खर्च, तिकिटं धरून, सात लाख मिळवा. चौघांसाठी हातात ४० लाख असावेत, गाडी वेगळी. नोकरी तिसऱ्या महिन्यात लागली तर यातले बरेचसे शिल्लक राहतील. पण सहाव्या महिन्यात पैसे संपत आलेला माणूस मिळेल ती नोकरी धरतो आणि आपल्या क्षेत्राबाहेर पडतो. तिथून परत यायला काही वर्षं लागतात. एवढी मोठी रक्कम ठेवायची ती हे टाळण्यासाठी.

पगार सुरू झाला की सगळं सुटेल असंही नाही. ओंटारिओत ७५,००० डॉलर वार्षिक पगारावर कर, पेन्शन आणि बेरोजगारी विम्याची कपात जाऊन महिन्याला ४,७०० च्या आसपास हातात येतात. वरच्या ४,५०० शी ताडून पाहा. एका पगारात चौघांची तोंडमिळवणी होते, बचत होत नाही. दुसरी नोकरी कधी आणि कुठली, हा प्रश्न निघण्याआधी घरात बोलून घ्या. शिक्षक, नर्स, डेंटिस्ट, फार्मासिस्ट यांना प्रांताचा परवाना लागतो. त्याच्या परीक्षा, पुन्हा ट्रान्सक्रिप्ट, पुन्हा भाषेची परीक्षा, यांत वर्ष-दोन वर्षं आणि काही हजार डॉलर जातात. ती प्रक्रिया भारतात असतानाच सुरू करता येते, आणि करावीच.

पैसे पाठवताना: मार्च आणि एप्रिल

भारतातून निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात. मर्यादेचा प्रश्न येत नाही, टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराचा, येतो. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही. त्यावर, स्थलांतरासाठी पाठवलेल्या रकमेला, २० टक्के. ३३ लाख एकाच्याच खात्यातून एकदम पाठवले तर २३ लाखांवर ४ लाख ६० हजार कापले जातात. ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण ऐन गरजेच्या वर्षात अडकून पडतात.

उपाय सोपा आहे. पती आणि पत्नी दोघांच्या खात्यांतून प्रत्येकी दहा लाख मार्चअखेर आणि प्रत्येकी दहा लाख एप्रिलमध्ये पाठवले, तर ४० लाख टीसीएसशिवाय जातात. त्यासाठी फेब्रुवारीतच खाती, पॅन आणि केवायसी नीट करून ठेवा आणि ३१ मार्चची वाट पाहू नका. २५ तारखेपर्यंत परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए-२ बँकेत द्या. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कमही याच दहा लाखांत मोजतात. रोख परकी चलन प्रवासात तीन हजार अमेरिकी डॉलरपर्यंत नेता येतं. कॅनडात उतरताना दहा हजार कॅनडियन डॉलर किंवा जास्त रोख, ड्राफ्ट वगैरे जवळ असेल तर सांगावं लागतं. सांगितलं की कर नाही. लपवलं तर जप्ती.

बँक ज्या दराने डॉलर देते आणि बाजाराचा दर जो असतो, त्यांतला फरकही खर्चच आहे. ३३ लाखांवर दीड टक्का म्हणजे पन्नास हजार. शाखेत जाऊन दर घासाघीस करून घेता येतो, ॲपवरचा घेऊ नका.

फ्लॅट विकायचा, की ठेवायचा, आणि कधी

हा निर्णय बाकी सगळ्या खर्चांहून मोठा ठरू शकतो. समजा फ्लॅट २०१४ मध्ये ४५ लाखांना घेतला आणि २०२५-२६ मध्ये ९५ लाखांना विकला. निवासी असताना विकलात तर २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला जुन्या पद्धतीने, इंडेक्सेशन लावून (खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून) २० टक्के कर, हा पर्याय मिळतो. निर्देशांक २४० वरून ३७६ झाला, म्हणजे ४५ लाखांचे साडेसत्तर लाख धरले जातात, नफा साडेचोवीस लाख, कर ४ लाख ९० हजार. अनिवासी झाल्यावर हा पर्याय नाही: ५० लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के, सव्वासहा लाख. (दोन्हींवर उपकर वेगळा.)

करातला फरक सव्वा-दीड लाखाचा. खरं ओझं टीडीएसचं. निवासी विकणाऱ्याचा एक टक्का, ९५ हजार, कापला जातो. अनिवासी विकणाऱ्याच्या बाबतीत ग्राहक पूर्ण विक्री रकमेवर साडेबारा टक्के आणि वर अधिभार-उपकर कापतो. बारा लाखांहून जास्त रक्कम रिटर्नची प्रक्रिया होईपर्यंत सरकारकडे राहते. त्यातून सुटायला आयकर खात्याकडून कमी दराने कापण्याचा दाखला विक्रीआधी घ्यावा लागतो. हे कळलं की बरेच ग्राहक तर व्यवहारातूनच मागे सरतात.

यातली एक खोच लक्षात ठेवा. निवासी की अनिवासी हे विक्रीच्या दिवशी नव्हे, पूर्ण आर्थिक वर्षावर ठरतं. मे महिन्यात फ्लॅट विकून ऑगस्टमध्ये निघालात आणि त्या वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांखाली राहिला, तर मे महिन्याचा व्यवहारही अनिवासीचा ठरू शकतो. विक्री मार्चआधी, किंवा निघणं ऑक्टोबरनंतर. सीएकडे जायचं ते तिकीट काढण्याआधी.

ठेवणार असाल तर भाडेकरूने तुमच्या भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापायला हवा. सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क लावू शकते. आणि कॅनडात उतरल्याच्या दिवशीची फ्लॅटची बाजारभावाची किंमत सरकारमान्य मूल्यांककाकडून लिहून घ्या. कॅनडा पुढचा भांडवली नफा त्या दिवसाच्या किमतीपासून मोजतो. दहा वर्षांनी विकताना हे पाच-सात हजार रुपयांचं पत्र नसेल तर वाद तुम्हालाच घालावा लागतो. एक लाख डॉलरहून जास्त किमतीची परदेशी मालमत्ता, त्यात भाड्याने दिलेला फ्लॅट आला, दुसऱ्या वर्षापासून टी-११३५ फॉर्मवर दरवर्षी दाखवावी लागते. पहिल्या वर्षी सूट आहे.

मुखत्यारपत्र निघण्याआधी इथेच करा. महाराष्ट्रात पाचशेच्या मुद्रांकावर काम होतं. फ्लॅट विकण्याचा अधिकार द्यायचा असेल तर ते नोंदवून घ्या. कॅनडातून करायचं झालं तर आधी वकिलातीत साक्षांकन, मग कुरिअर, मग भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरणं, अशी साखळी लागते. भारतातलं सिम कार्डही चालू ठेवा. बँकेचा, आयकराचा, म्युच्युअल फंडाचा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येतो. ते बंद पडल्यावर नंबर बदलायला स्वतः शाखेत हजर राहा असं सांगतात.

सामान: काय न्यायचं

चौघांच्या आठ बॅगा, प्रत्येकी २३ किलो, तिकिटातच येतात का ते आधी पाहा. स्वस्त तिकिटात माणशी एकच बॅग असते आणि तिथेच बचत संपते. फर्निचर समुद्रमार्गे नेऊ नका. न्हावा-शेव्यातून सांगितलेला दर फक्त बंदरापर्यंतचा असतो. तिकडचा हाताळणी आकार, कस्टमची तपासणी आणि उशीर झाला तर गोदामाचं भाडं मिळून नवा सोफा येतो.

पुण्यातला मिक्सर तिथे चालत नाही: तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून चालवला तर साडेसातशे वॉटच्या मिक्सरला निदान दीड हजार वॉटचा, जड डबा लागतो. ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर तिकडच्या देशी दुकानांत मिळतो, तोच घ्या. कुकर न्या, पण सपाट बुडाचा. काचेच्या शेगडीवर गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा तापतच नाही. कुकरच्या दोन-तीन रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे ठेवा.

दातांची कामं आणि चष्मे निघण्याआधी उरकून घ्या. प्रांताच्या आरोग्य विम्यात प्रौढांचे दात आणि चष्मे येत नाहीत आणि एका रूट कॅनालला, कॅप सोडून, हजार-दीड हजार डॉलर सहज लागतात. मुलांच्या लसींचं पुस्तक बालरोगतज्ज्ञाकडून इंग्रजीत, तारखांसह, शिक्क्यानिशी भरून घ्या. ओंटारिओच्या शाळा कांजिण्या आणि मेनिंगोकॉकलची नोंद मागतात. आपल्या सरकारी लसीकरणात या नसतात, त्यामुळे राहिल्या असण्याची शक्यता बरीच.

मागाहून येणाऱ्या किंवा पुढे आणायच्या वस्तूंची यादी, सोन्याचे फोटो आणि सराफाचं मूल्यांकन उतरतानाच कस्टमच्या बीएसएफ-१८६ फॉर्मवर नोंदवा. मंगळसूत्र, बांगड्या आज घरीच ठेवणार असलात तरी यादीत लिहा. नंतर आणताना त्यांवर कर लागत नाही तो या यादीमुळेच.

पोचल्यावरचा पहिला महिना

सिन क्रमांक (नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर) फुकट मिळतो, पहिलं पीआर कार्डही. पत्ता आणि फोटो १८० दिवसांत दिला नाही तर मात्र ५० डॉलर भरावे लागतात. आरोग्य कार्ड ओंटारिओत लगेच मागता येतं. तीन महिने थांबण्याची जुनी अट २०२० मध्ये गेली. ब्रिटिश कोलंबियात मात्र आलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्या काळाचा खासगी विमा घ्या.

मुलांसाठी कॅनडा सरकार देतं त्या बालभत्त्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. आरसी-६६ हा फॉर्म आणि नवागतांची त्याची पुरवणी, जिच्यात मागच्या वर्षांचं भारतातलं उत्पन्न डॉलरमध्ये लिहायचं असतं. हा भत्ता उत्पन्नावर ठरतो आणि भारतातलं उत्पन्न त्यात मोजलं जातं. दोघांचं मिळून ३० लाख रुपये, म्हणजे सुमारे ४६,००० डॉलर असेल, तर जुलै २०२५ ते जून २०२६ च्या दराने आपल्या उदाहरणातल्या दोन मुलांचे महिन्याला साधारण १,१३० डॉलर येतात. भाड्याचा जवळजवळ अर्धा भाग. पहिला हप्ता यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तो वरच्या हिशोबात मुद्दाम धरला नव्हता. पुढे तो चालू राहण्यासाठी दोघांनीही दरवर्षी रिटर्न भरायचं, उत्पन्न शून्य असलं तरी.

घर मिळवणं सगळ्यात जिकिरीचं. क्रेडिट हिस्टरी नाही, पगाराची स्लिप नाही. घरमालक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतो. ओंटारिओच्या कायद्यात ठेव म्हणून शेवटच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, पण हे सांगत बसलात तर घर दुसऱ्याला जातं. भारतातली बँक शिल्लक, जुन्या घरमालकाचं पत्र, नियुक्तिपत्र असेल तर ते, असा एक पीडीएफ तयार ठेवा. भारतात बसून, घर न पाहता, फोटोंवरून डिपॉझिट पाठवू नका. फसवणुकीचा सगळ्यात सर्रास प्रकार हाच. शाळा पत्त्यावरून ठरते, तेव्हा आधी शाळेचा परिसर पाहा, मग घर. बारावीपर्यंतची सरकारी शाळा फुकट आहे, आणि पाच वर्षांचं मूल पूर्णवेळ बालवाडीत जातं, त्यामुळे दिवसाचं पाळणाघर वाचतं. शाळेआधी-नंतरच्या तासांचे पैसे द्यावे लागतात.

गाडीचं पहिल्या सहा महिन्यांत टाळता आलं तर टाळा. जुनी बरी गाडी दहा-बारा हजार डॉलर, पण नवख्याचा विमा टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनसारख्या ठिकाणी महिन्याला तीनशे-चारशेवर जातो. निघण्याआधी आरटीओकडून परवान्याचा उतारा घ्या. परिवहनच्या सारथी पोर्टलवर त्यासाठी अर्ज करता येतो. जुना अनुभव कागदावर दिसला तर ओंटारिओत परवान्याच्या टप्प्यांमधली थांबण्याची मुदत वाचते.

आईवडील

हा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून लिहा. आईवडिलांना पीआर देणारी योजना सोडतीची आणि मोजक्या जागांची आहे, तिच्यावर बेत आखू नका. सुपर व्हिसा या आईवडिलांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण त्यासाठी तुमचं उत्पन्न ठरावीक पातळीवर असावं लागतं आणि किमान एक लाख डॉलरच्या संरक्षणाचा वर्षाचा आरोग्य विमा काढावा लागतो. सत्तरीच्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या दोघांचा हप्ता वर्षाला काही हजार डॉलर होतो. भारतातला त्यांचा मेडिक्लेम म्हणून बंद करू नका. या वयात तो पुन्हा सुरू करताना प्रतीक्षा कालावधी नव्याने मोजला जातो.

अचानक यावं लागलं तर आयत्या वेळचं येण्याजाण्याचं तिकीट दीड लाखाच्या पुढे जातं. दोघांपुरते तीन-साडेतीन लाख भारतातल्याच खात्यात, एफडी न करता, बचत खात्यात ठेवा. त्याच खात्यावर भावाला किंवा बहिणीला मुखत्यार करा, म्हणजे तुम्ही विमानात असताना हॉस्पिटलचं डिपॉझिट भरता येईल. निवासी बचत खातं परदेशी गेल्यावर एनआरओ, म्हणजे अनिवासीचं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं असतं, आणि मुखत्याराचं नाव नव्या खात्यावर पुन्हा नोंदवावं लागतं, ते आपोआप येत नाही.